बोटभर उघडी खिडकी

सुखदा : बोटभरच उघडते. जास्त नाही.

उल्हास : बोटभर म्हणतेस आणि अर्धी करतेस. बाहेर बघ ना सुखदा, जानेवारी आहे यार. पुढच्या ट्रकचे दिवे दिसत नाहीयेत आणि तुला हवा पाहिजे.

सुखदा : मला काय हौस आहे? मानेपासून वर सगळं पेटल्यासारखं झालंय. हात लावून बघ हवं तर.

उल्हास : स्टिअरिंग सोडून? आणि मागे आई आहे. तिला सर्दी झाली ना, तर मयुरा कॅनडातून फोन करून मला झापेल. बहीण आहे माझी, मला माहितीये.

सुखदा : आईंना शाल आहे, स्वेटर आहे, कानटोपी आहे. आणि झोपल्यात त्या. केव्हाच्या.

उल्हास : नशीबवान आहे आपली म्हातारी. गाडी नोएडातून बाहेर पडली नाही की हिची मान कलली.

सुखदा : मुरथल आलं का?

उल्हास : मुरथल? अजून कुंडली गावसुद्धा नाही आलं. ह्या स्पीडने आपण पानिपतला पोचेपर्यंत अब्दाली पण घरी जाऊन झोपलेला असेल.

सुखदा : झोपेचं नाव काढू नकोस सकाळी सकाळी.

उल्हास : अच्छा. म्हणजे रात्री परत?

सुखदा : तुला कसं कळणार. तू शार्दूलच्या खोलीत.

उल्हास : मी शार्दूलच्या खोलीत का गेलो ते पण सांग ना मग. मुलगा बेंगळुरूला गेला म्हणून त्याच्या पलंगावर लोळायला नाही गेलो. भर थंडीत पंखा लावतेस तू. रजई माझ्यावर आणि हवा तुझ्यावर, असा पंखा अजून कुणी बनवला नाहीये.

सुखदा : मी जा म्हटलं नव्हतं.

उल्हास : मी पण रागावून नाही गेलो. सकाळी ऑफिस असतं.

सुखदा : मलाही असतं.

उल्हास : तेच तर म्हणतोय. त्या मेलचं काय केलंस?

सुखदा : ड्राफ्टमध्ये आहे.

उल्हास : आज पाठवून टाक. उद्या तुमचा रिव्ह्यू आहे. त्याच्या आधी रेझिग्नेशन गेलेलं बरं. इज्जतीत बाहेर पडशील.

सुखदा : इज्जतीत.

उल्हास : म्हणजे तसं नाही गं. तूच येऊन रडलीस ना, की क्लायंटच्या कॉलवर शब्द आठवेना, आणि त्या चिरागने सावरून घेतलं. आता तुझ्या टीममधला कालचा पोरगा तुला सावरून घ्यायला लागला, तर लोक काय समजणार?

सुखदा : कालचा पोरगा चांगला आहे. त्याने नंतर विचारलंसुद्धा, मॅम, आप ठीक हो? घरात कुणी एवढं विचारलं नाही.

उल्हास : मी नाही विचारलं?

सुखदा : तू विचारलंस, मेल पाठवलंस का.

उल्हास : चलो, सगळं माझ्यावर घे. टोल आला, फास्टॅग चालू दे देवा.

सुखदा : गुरुवारी मी डॉक्टरकडे गेले होते. तू येणार होतास.

उल्हास : बायकांच्या डॉक्टरकडे येऊन मी काय करणार? बाहेर बाकड्यावर बसणार, दोन गरोदर मुलींच्या मध्ये?

सुखदा : ऐकायला यायचं होतंस. डॉक्टर निधींनी इतकं नीट समजावून सांगितलं. म्हणाल्या, बाईची झोप जन्मभर हॉर्मोन्सच्या हातात असते. पाळीच्या आधी उडते, पोटात मूल असताना उडते, आणि पाळी जायच्या सुमाराला तर विचारूच नका. एक हॉर्मोन असतं, ते मेंदूला थोपटून झोपवतं. ते आटत जातं. दुसरं असतं, ते अंगातली ऊब-गारवा सांभाळतं. ते वर-खाली व्हायला लागलं की मेंदूला वाटतं, अंग तापलंय. मग तो झोपेतून उठवून घाम काढतो. माझ्यात काही खोट नाहीये, उल्हास. मी चिडकी झालेली नाही, की कामचुकार झालेली नाही. मला फक्त दोन वर्षं झोप नाहीये.

उल्हास : आणि आम्ही पुरुष? आमची झोप काय आकाशातून पडते?

सुखदा : तुझीही चौकशी केली त्यांनी. घोरतात का म्हणाल्या. मी म्हटलं, भिंतीपलीकडून ऐकू येतं. तर म्हणाल्या, त्यांनाही तपासायला हवं. झोपेत श्वास अडकायचा त्रास पुरुषांना जास्त. बायकांना ते झोपवणारं हॉर्मोनच बरीच वर्षं सांभाळून घेतं, तुम्हाला ते नाही. घोरतो म्हणजे गाढ झोपलाय, असं समजू नका म्हणाल्या.

उल्हास : वा. म्हणजे मी न जाताच पेशंट झालो. आणि तुझ्यावर इलाज काय?

सुखदा : तपासण्या झाल्यात, रिपोर्ट बघून ठरवतील. काहीजणींना हॉर्मोनचं औषध चालतं, काहींना नाही. नसेल चालत तर दुसरे उपाय आहेत. दोन-तीन महिने धीर धरा म्हणाल्या. पण बरं होण्यासारखं आहे.

उल्हास : बस. मग मी काय वेगळं सांगतोय? सोडून दे नोकरी. घर चालतंय, शार्दूलचं झालंय. पुण्याला जा तुझ्या आईंकडे, दोन-तीन महिने राहा, हवापालट होईल. आराम कर. इथलं मी बघतो.

सुखदा : दोन-तीन महिन्यांसाठी रजासुद्धा घेता येते.

उल्हास : रजा घेतली की ऑफिसात चर्चा होते. नोकरी सोडली की विषय संपतो. तुझ्याच भल्यासाठी बोलतोय.

कुमुदिनी : हवापालट.

उल्हास : आई? उठलीस तू?

कुमुदिनी : झोपले कधी होते?

उल्हास : आम्हाला वाटलं तू कानातलं मशीन काढून…

कुमुदिनी : ते रात्री काढते. आत्ता कानात आहे. नोएडापासून सगळं ऐकतेय. मान कलली म्हणजे माणूस झोपलं, एवढ्यावर तुम्ही समाधान मानता.

सुखदा : आई, खिडकीने थंडी वाजत असेल तर लावते मी.

कुमुदिनी : राहू दे. हवापालट हा तुझ्या बाबांचा शब्द, उल्हास. तुझ्या तोंडी कुठून आला? मला तर वाटलं, विश्वनाथरावच गाडी चालवताहेत.

उल्हास : साधा शब्द आहे गं. सगळे म्हणतात.

कुमुदिनी : सुखदा, ती डॉक्टर काय म्हणाली ते परत सांग बघू. मधेच हा ट्रकवाला हॉर्न मारत होता, थोडं निसटलं.

सुखदा : हेच, की पाळी जायच्या वेळेला हॉर्मोन्स कमी होतात, म्हणून…

कुमुदिनी : ते कळलं. थंडीतही होतं का, असं विचारलंस?

सुखदा : हो. थंडीतही होतं. रात्री जास्त.

कुमुदिनी : छातीत धडधडतं?

सुखदा : हो.

कुमुदिनी : आणि पहाटे पहाटे असं वाटतं, की घरात एकेकाला धरून झोडावं, आणि लगेच वाटतं, आपल्याइतकं वाईट कुणी नाही, आणि रडू येतं?

सुखदा : आई, तुम्हाला कसं… हो. अगदी असंच.

कुमुदिनी : आणि ह्याला नाव आहे.

सुखदा : आहे.

कुमुदिनी : औषधही.

सुखदा : हो, आई.

कुमुदिनी : बरं झालं. असू दे. नाव आहे हे बरंच झालं. मला आपलं वाटत होतं, माझं डोकंच फिरलं होतं.

उल्हास : तू कशाबद्दल बोलतेस? नेताजी नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं?

कुमुदिनी : आठवतं का तुला काही?

उल्हास : आठवतं ना. तू रात्री भांडी घासायचीस. माझं बारावीचं वर्ष होतं. दोन खोल्या, मी पुढच्या खोलीत टेबल लॅम्प लावून बसायचो आणि मागे तुझं चालू, खर्र खर्र, चिंच आणि राख. देवाची, पाण्याची, माळ्यावरची सुद्धा काढायचीस. आम्ही म्हणायचो, दिवाळी आली का परत?

कुमुदिनी : पितळेला कोण रडत होतं. गार पाण्यात हात बुडवून बसता यायचं म्हणून घासत होते. नुसते हात बुडवून बसले असते तर वेडी म्हणाला असता. भांडी घासली की निदान कामसू म्हणाल, असं वाटलं.

सुखदा : आणि बाबा?

कुमुदिनी : ते भले गृहस्थ होते. सचिवालयात दिवसभर मान मोडून काम, रात्री पाठ टेकली की घोरायला लागायचे. ह्याच्यासारखेच. मी मागचं दार उघडून उभी राहायचे, डिसेंबरच्या थंडीत, पदर सुद्धा अंगावर नको वाटायचा. शेजारच्या भानुमतीने एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची उतरवून टाकायला आली. म्हणाली, कुमुद, तुला बाहेरचं काहीतरी लागलंय.

उल्हास : हो, ती मावशी आणि ते लिंबू. मी आणि मयुराने त्याचं…

कुमुदिनी : काय केलंत?

उल्हास : सरबत.

कुमुदिनी : तरीच मला गुण आला नाही.

सुखदा : आई, तुम्ही कुणाला बोलला नाहीत? एखाद्या डॉक्टरला?

कुमुदिनी : दवाखान्यातल्या डॉक्टरने शक्तीच्या गोळ्या दिल्या. म्हणाला, बहनजी, इस उमर में होता है. मग होतं म्हटलं. आपल्याकडे म्हणतातच ना, बाईची झोप सावध असावी. पोर रडलं तर उठावं, दूध उतू गेलं तर उठावं. आता पोरं मोठी झाली तरी अंगाला सवय राहिली, असं मी माझं समजावून घेतलं. आणि खरं सांगू? तुला मी सांगायला हवं होतं. मयुरालाही. माझ्यावरून गेलं होतं सगळं. पण मला वाटायचं, हे माझंच काहीतरी वंगाळ होतं, ते कशाला पोरींना सांगायचं.

सुखदा : असू दे, आई.

कुमुदिनी : असू दे कसं? तू रात्रभर शेजारच्या खोलीत तळमळत होतीस आणि मी मशीन काढून ठेवून स्वस्थ पडले होते.

उल्हास : आई, पण तू नंतर बरी झालीस ना. मामाकडे पुण्याला जाऊन आलीस आणि झालीस ठीक. म्हणून तर मी म्हणतोय की सुखदाने पण…

कुमुदिनी : गेले नव्हते रे. पाठवली होती.

उल्हास : म्हणजे तेच.

कुमुदिनी : तेच कसं होईल? तू बाबांना म्हणालास, आईला कुठेतरी पाठवा, माझा अभ्यास होत नाही. मी स्वयंपाकघरात होते. दोन खोल्यांच्या घरात कुठे काय लपतं?

उल्हास : मी असं म्हणालो?

कुमुदिनी : म्हणालास. बोर्डाची परीक्षा होती, तुझी चूक नव्हती. सतरा वर्षांचं पोर, त्याला काय कळणार. पण बाबांनी दुसऱ्याच दिवशी झेलम एक्स्प्रेसचं पुण्याचं तिकीट काढलं.

उल्हास : मला आठवतं. म्हणजे, थोडं आठवतं. मी रागात म्हणालो असेन.

कुमुदिनी : नाही. शांतपणे म्हणालास. भूगोलाचं पुस्तक मागावं तसं.

सुखदा : उल्हास, थोडं हळू घे. पुढे ट्रॅक्टर आहे.

उल्हास : दिसतोय मला.

कुमुदिनी : श्रीपादकडे चांगलं होतं सगळं. माझा भाऊ, भावजय, दोघं जीव लावणारी. पण पाच महिने मी काय करणार तिथे? खुर्चीत बसायचं, डाळिंबं खायची. झोप तिथेही नव्हती. परीक्षेला जाताना तुझ्या हातावर दही द्यायलाही नव्हते मी. मयुराने दिलं म्हणे.

उल्हास : हो. साखर घालायची विसरली होती ती.

कुमुदिनी : आणि निकाल लागल्यावर परत आले, तर शाळेत माझ्या वर्गावर दुसरी बाई.

सुखदा : कुठली शाळा?

उल्हास : आई शिकवायची ना आपल्या मराठी शाळेत. तुला सांगितलं होतं मी.

सुखदा : तू सांगितलंस, आईंना कंटाळा आला म्हणून त्यांनी सोडली.

उल्हास : मग तसंच होतं. बाबा म्हणाले होते, आईला आता झेपत नाही, तिने स्वतःच सोडली. हो ना, आई?

कुमुदिनी : मी रजेवर गेले होते, उल्हास. परत येऊन चौथी घ्यायची होती मला. मोठ्या बाईंकडे गेले, तर त्यांनी मला चहा दिला. चहा दिला तेव्हाच मला शंका आली. म्हणाल्या, कुमुदताई, तुमचे मिस्टर येऊन गेले. म्हणाले, तिला आता झेपायचं नाही, तुम्ही दुसरी सोय बघा. आम्ही थांबणार होतो, पण घरच्यांनीच सांगितल्यावर काय करणार?

उल्हास : बाबा गेले होते शाळेत?

कुमुदिनी : माझ्या भल्यासाठी. तसंच म्हणाले मला. कुमुद, तुझ्याच भल्यासाठी. आणि ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट बुद्धीने केलं असतं तर भांडले तरी असते.

उल्हास : तू त्यांना काही विचारलं नाहीस?

कुमुदिनी : काय विचारणार? मला स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. न झोपलेल्या बाईला तुम्ही म्हणाल ते खरं वाटतं. तुला झेपत नाही म्हणालात, तर नसेल झेपत. तू चिडखोर झालीस म्हणालात, तर झाले असेन. पुढे दोन-अडीच वर्षांनी आपोआप झोप यायला लागली. अगदी पूर्वीसारखी. एके सकाळी उठले, डोकं लख्ख, अंगात उभारी. मला वाटलं, आता डबा भरावा आणि शाळेत जावं. आणि मग आठवलं, शाळा कुठे आहे आता.

सुखदा : आई.

कुमुदिनी : रडू नकोस. तू रडलीस की परत तुला उकडेल.

उल्हास : आई, मला हे माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

कुमुदिनी : माहीत आहे मला. तुला कुणी सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. मुरथल आलं बघ. परोठे खाऊन घ्या, गरम आहेत तोवर. मला लोणी नको, गोबीचा सांगा.

(काला अंब, पानिपतच्या लढाईचं स्मारक, बघून परतताना. ऊन आता वर आलं आहे, तरी शेतांवरचं धुकं पुरतं हटलेलं नाही. सुखदा मागे सासूजवळ जाऊन बसली आहे. उल्हास पुढे एकटाच; शेजारच्या रिकाम्या सीटवर तिळगुळाचा डबा. आरशात त्याला आईची कानटोपी तेवढी दिसते.)

उल्हास : आई, दमलीस का? केवढी गर्दी होती आज. पार महाराष्ट्रातून गाड्या भरून आले होते लोक.

कुमुदिनी : दमले नाही. पूर्वी एवढी गर्दी नसायची. आमची शाळेची एक बस, मंडळाची एक, आणि आजूबाजूला उसाची शेतं. त्या खांबाजवळ मी चौथीच्या मुलांना ओळीने उभं करायचे. फेटे बांधलेले, निम्म्यांचे सुटलेले. म्हणायचे, आता कुणी बोलायचं नाही. इथे खूप माणसं झोपलीत. आणि गंमत म्हणजे पोरं खरंच बोलायची नाहीत. दिल्लीची पोरं, हिंदीत भांडणारी, पण तेवढा वेळ चिडीचूप.

सुखदा : तुम्ही दर संक्रांतीला न्यायचात त्यांना?

कुमुदिनी : दर संक्रांतीला. त्या साली मात्र मला संक्रांतीच्या आधीच गाडीत बसवलं. पोवाडा बसवला होता मुलांचा. कुणी म्हणवून घेतला कोण जाणे.

उल्हास : मग नंतर कधी का नाही आलीस? एवढी वर्षं इथे राहतोय आपण. दोन तासांचा रस्ता आहे.

कुमुदिनी : कुणी नेलं नाही, आणि मी म्हटलं नाही. म्हणायला काय झालं होतं, हे मलाही कळत नाही आता. वाटायचं, मुलं नसताना नुसतंच जाऊन काय करू.

उल्हास : ह्या वर्षी तूच म्हणालीस.

कुमुदिनी : पाय चालताहेत तोवर, म्हटलं. आज त्या एका छोटीला तिळगूळ दिला ना मी, निळ्या फ्रॉकवाली, ती थँक्यू आंटी म्हणाली. मी तिला म्हणणार होते, आंटी नाही, बाई म्हण. नाही म्हटलं.

उल्हास : आई, मला माफ कर.

कुमुदिनी : केलं. तेव्हाच केलं होतं. पोराला माफ करायला आईला काय लागतं? पण माफ केलं म्हणून वर्ग परत मिळत नाही रे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. माफी मी तुझ्यासाठी केली, माझ्याकडे तशीच ती रिकामी जागा राहिली. तुझे बाबा गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी खूप रडले. आणि रडता रडता मनात आलं, आता ह्यांना विचारायचं राहिलंच, की हो, मला न विचारता का गेलात शाळेत? बघ, माणूस किती वाईट असतं.

सुखदा : त्यात वाईट काय, आई?

कुमुदिनी : तुला उकडतंय का गं? कान लाल झालेत तुझे.

सुखदा : थोडंसं. जाईल.

कुमुदिनी : उघड ती खिडकी. माझी काळजी करू नकोस, मला शाल आहे. आणि ये, अशी टेक. खांद्याला हाडं आहेत नुसती, त्यापेक्षा मांडीवर डोकं ठेव. लाजतेस काय? सासू झाले म्हणून मांडी का झिजली माझी?

सुखदा : पाय दुखतील तुमचे.

कुमुदिनी : दुखले तर उठवीन.

उल्हास : मीच उघडतो. इथून बटण आहे. एवढी पुरे?

सुखदा : अजून थोडी. हां. तुला थंडी वाजेल, उल्हास.

उल्हास : मफलर आहे ना माझा. डिकीत रजई पण आहे, गरज पडली तर रजई घेऊन चालवीन. हरियाणा पोलिसांनी पकडलं तर सांगेन, हॉर्मोन का मामला है.

सुखदा : आई, ते मेल. मी अजून काही ठरवलं नाहीये.

कुमुदिनी : ठरवू नकोस. झोप न झालेल्या माणसाने फक्त भाजी कोणती करायची तेवढं ठरवावं. बाकीचं सगळं झोप झाल्यावर.

सुखदा : उद्या रिव्ह्यू आहे.

कुमुदिनी : उद्या उद्या बघू. सांगायचं त्यांना सरळ, प्रकृतीचं असं असं आहे, औषध चालू होतंय, मला वेळ द्या. देतील नाही तर नाही देणार. पण नाही म्हणायचं असेल तर ते त्यांना म्हणू दे. त्यांच्या वतीने आपण आधीच घरी बसून कशाला म्हणायचं? मिट डोळे. नाही आली झोप तरी चालेल, नुसती पडून राहा.

उल्हास : आई, मी खरंच तिच्या भल्यासाठी बोलत होतो.

कुमुदिनी : बोलत होतास ना. कुणी नाही म्हटलंय.

उल्हास : मला वाटलं, तिचा त्रास कमी होईल. घरात पण थोडी शांतता… नाही. खरं सांगू का, मला पण कंटाळा आला होता. तिच्या न झोपण्याचा. सकाळी उठून तिचा चेहरा बघायचा, आणि आपण काहीतरी गुन्हा केला असं वाटायचं. बारावीत पण तसंच वाटायचं मला, ते भांड्यांचे आवाज ऐकून. की मी काहीतरी करायला हवं. आणि काय करायचं ते कळायचं नाही. मग राग यायचा.

कुमुदिनी : हं.

उल्हास : गुरुवारी मी जाईन तिच्याबरोबर. रिपोर्ट यायचेत ना. बसेन बाकड्यावर.

कुमुदिनी : बस. आणि तुझंही ते घोरण्याचं दाखव. तुझे बाबा झोपेतच गेले, हे विसरू नकोस. रात्री घोरता घोरता मधेच गप्प व्हायचे, आणि मला बरं वाटायचं, की चला, थांबले एकदाचे. आता ही डॉक्टर काय म्हणते ते ऐकून मला कसं झालं, ते तुला काय सांगू.

उल्हास : आई, तू नको आता त्याचा विचार करू.

कुमुदिनी : आता तोच करायचा उरलाय. शेजारी शेजारी झोपलो जन्मभर. मी जागी आहे ते त्यांना कळलं नाही, आणि त्यांचा श्वास अडकतोय ते मला कळलं नाही.

उल्हास : मुरथलला थांबू का? चहा?

कुमुदिनी : नको. चालू दे गाडी.

उल्हास : सुखदा, मी सकाळी जे म्हणालो ना, ते सोड. रेझिग्नेशन, पुणे, सगळं. तू सांग, तुला काय हवंय? खरंच विचारतोय. तू म्हणशील ते करू. सुखदा?

कुमुदिनी : हळू बोल.

उल्हास : काय झालं?

कुमुदिनी : डोळा लागलाय तिचा.

उल्हास : खरंच?

कुमुदिनी : तोंड उघडं पडलंय, लहान मुलीसारखं. आरशात बघू नकोस, रस्ता बघ. उठली की विचार.

उल्हास : विसरणार नाही मी.

कुमुदिनी : मी आहे ना आठवण करायला. आज मशीन काढणार नाही.

उल्हास : आई.

कुमुदिनी : काय रे?

उल्हास : तुला काय हवं होतं तेव्हा?

कुमुदिनी : मला?

उल्हास : हं. तेव्हा मी विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?

कुमुदिनी : चौथीचा वर्ग, दुसरं काय. आणि बर्फासारख्या गार पाण्याची एक बादली. एवढंच म्हणाले असते. चल, समोर बघ आता. आणि ती खिडकी लावू नकोस.